बेळगावचं स्टेशन नेमकं कुणासाठी बांधलं?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या गुरुजींनी विचारलंय: "मुलांकडून बेळगाव रेल्वे स्टेशनचा इतिहास लिहून घ्यायचा आहे. 2023 सालची नवी इमारत सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी हे स्टेशन कशासाठी वापरलं जायचं, ते वापर का बदलले, आणि देसूर-इदलहोंडसारख्या आमच्या बारक्या स्टेशनांवर आता कुणी का फिरकत नाही?"

गुरुजी, मी 1983 ला असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मिरज-लोंढा मीटरगेज होती. निवृत्त झालो तेव्हा दुसऱ्या रुळाचं मातीकाम चाललं होतं. मधली सगळी वर्षं याच पट्ट्यात काढली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी एक सांगतो, मुलांनाही हेच आधी सांगा. स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रवासी येतो. आमचं स्टेशन प्रवाशासाठी बांधलंच नव्हतं. प्रवाशाला जागा मिळाली ती माल, लष्कर आणि बंदर यांची सोय लावून झाल्यावर. हे खोटं वाटत असेल तर स्टेशनच्या बांधणीकडे बघा. दर्शनी बाजू, पोर्च, साहेबाची गाडी लागायची जागा हे सगळं कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या बाजूला. बाजारपेठेच्या, शहापूरच्या बाजूला काय आलं? मालधक्का. तिकडच्या रस्त्याचं नावसुद्धा आजतागायत गुड्सशेड रोड. म्हणजे स्टेशनचं तोंड छावणीकडे आणि पाठ गावाकडे. गावाच्या वाट्याला पोती चढवायचा दरवाजा आला. पहिल्या दिवशी माझ्या वरिष्ठ मास्तरांनी मला हे हातवारे करून दाखवलं होतं, तेव्हा मला ते थोडं फाजील वाटलं होतं. पुढे पटलं.

आता मागे जाऊ. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल जायचा कुठे? वेंगुर्ल्याला. कापूस, धान्य बैलगाड्यांत भरायचं, घाट उतरायचा, बंदरावर गलबतात चढवायचं. येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. आंबोलीचा घाटरस्ता झाल्यावर ही वाहतूक चांगलीच वाढली होती. बेळगावातून हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जुनी माणसं अजून वेंगुर्ला रोड म्हणतात ते त्यामुळेच.

मग 1876 ते 78चा मोठा दुष्काळ पडला. आपल्या भागात, विजापुराकडे, धारवाड-बळ्ळारीकडे माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण ते वेळेत पोचवायला रस्ता नव्हता. त्यानंतर दुष्काळी मुलखात रेल्वे नेण्याचं ठरलं आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. नावात 'मराठा' बघून कुणी हुरळून जाऊ नये, 'सदर्न मराठा कंट्री' हे इंग्रजांनी या मुलखाला दिलेलं नाव होतं. पैसा लंडनचा, नफ्याची हमी सरकारची. रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर, कारण ब्रॉडगेजपेक्षा ते स्वस्त पडायचे. हा स्वस्ताचा व्यवहार पुढची शंभर वर्षं आपल्याला महाग पडला. त्याकडे येतो.

दुसरीकडे पोर्तुगीजांच्या हद्दीत मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे झाली, 1888 च्या सुमारास घाट चढून गाड्या सुरू झाल्या. दूधसागरचा तो घाट 1:37 चढाचा, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. लोंढ्याला एक फाटा हुबळीकडे गेला, दुसरा बेळगाव-मिरजमार्गे पुण्याकडे. 1890 पर्यंत पुण्याशी जोडणी झाली होती. लोंढा म्हणजे काय, नुसतं जंगल होतं. इंजिनाला पाणी, कोळसा, ड्रायव्हर-गार्डला बदली आणि झोपायला जागा एवढ्यासाठी तिथं वस्ती झाली. गावासाठी स्टेशन झालं असं नाही, स्टेशनसाठी गाव झालं.

हा फाटा आल्यावर वेंगुर्ल्याची रया गेली. गाडीवाल्यांचे तांडे बसले. आंबोलीच्या घाटातून कितीतरी दिवस खाणारी फेरी रेल्वेने झटपट होऊ लागली, मग बैल कोण जुंपणार? मुलांना विचारायला सांगा, तालुक्यात अजून काही घरांत 'आमचे पणजोबा वेंगुर्ल्याला गाड्या न्यायचे' हे वाक्य निघेल. निघालं तर ते लिहून घ्या, कारण रेल्वेने काय आणलं हे सगळे लिहितात, काय नेलं ते कुणी लिहीत नाही.

स्टेशनच्या नावातसुद्धा इतिहास असतो. गोकाक रोड, चिकोडी रोड. नावात 'रोड' दिसलं की खुशाल समजावं, गाव लांब आहे. रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरला गावाशी देणंघेणं नसतं, तो चढ बघतो, नदीवर पूल कुठं स्वस्तात बसेल ते बघतो. चिकोडीकर आजही स्टेशनला पोचायला आधी एसटी पकडतात. खानापूर मात्र नशीबवान, स्टेशन गावालगतच. तालुक्यातलं सागवान, किंजळ, खानापूरची कौलं आणि विटा हे सगळं तिथून भरलं जायचं. धारवाड-बेळगावकडच्या जुन्या घरांवर जी कौलं दिसतात त्यांतली किती खानापूर-लोंढ्याच्या धक्क्यावरून गेली असतील, सांगता यायचं नाही. वरच्या अंगाला कापूस-सुताचा व्यवहार. गोकाक धबधब्याची गिरणी 1880 च्या दशकातली, म्हणजे रेल्वेच्याच वयाची. कापसाच्या गासड्या यायच्या, सूत निघायचं, आणि इकडे शहापूर, वडगाव, खासबागेतले विणकर सुताची वाट बघत असायचे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं हे मुलांना माहीत नसतं. रुळाच्या एका बाजूला इंग्रज, पलीकडे पटवर्धनांचं राज्य.

लष्कराचं तर विचारूच नका. बेळगावची छावणी रेल्वेच्या कितीतरी आधीची. 1922 नंतर मराठा पलटणीचं ट्रेनिंग सेंटर इथं आलं आणि स्टेशनला एक कायमचं गिऱ्हाईक मिळालं. मी पाहिलेलं सांगतो. भरती झालेल्या पोरांची बॅच उतरायची. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली पोरं. हातात काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव, रंग अजून ओला असल्यासारखा. हवालदार ओळीत उभं करायचा. वर्षभराने तीच पोरं सुटीवर निघायची तेव्हा चालच वेगळी. खिडकीवर वॉरंट, म्हणजे लष्कराचा प्रवासाचा कागद, द्यायची, आम्ही तिकीट करून द्यायचो. पहिल्या वेळी 'मास्तर, गाडी कुठं लागंल?' विचारणारा पोरगा दुसऱ्या वेळी प्लॅटफॉर्मचा नंबर मलाच सांगायचा.

प्रवाशांच्या इतिहासातले दोन टप्पे मुलांनी जरूर लिहावेत. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात येऊन राहिले होते, पुढे ते गोव्याकडे गेले. तेव्हा हा मार्ग नवाकोरा होता. आणि दुसरा अर्थातच 1924 चा डिसेंबर. काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष. गांधीजींनी आयुष्यात अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि ते टिळकवाडीत का भरलं याचं एक साधं कारण रुळाशी आहे. हजारोंच्या संख्येने माणसं, मंडपाचं सामान, धान्य, भांडीकुंडी आणायची तर रुळाजवळ मोकळं माळ हवं. टिळकवाडीला ते होतं. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी जी व्यवस्था उभी केली तिचं कौतुक आजही होतं, पण त्या व्यवस्थेचा कणा रेल्वे होती. आजचा काँग्रेस रोड रुळाला समांतर चालतो, त्यावर काँग्रेस विहीर आहे. पाण्यासाठी खणलेली. रस्ता, विहीर आणि रूळ ही तिन्ही एकाच नजरेत दाखवता येतील अशा जागी मुलांना उभं करा, निम्मा धडा तिथेच होईल.

कंपन्यांची नावं बदलत गेली ती मुलांना एकदाच सांगून टाका. 1908 मध्ये सदर्न मराठा मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. 1944 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य, 2003 पासून नैर्ऋत्य रेल्वे, मुख्यालय हुबळी. माझ्या वडिलांकडे एक हातकंदील होता, पितळी पट्टीवर 'एम अँड एस एम' कोरलेलं. तीन रेल्वे बदलल्या तरी कंदील तोच. तो आता भाच्याने काचेच्या कपाटात ठेवलाय. रेल्वेची मालमत्ता आहे ती, पण तेवढं चालायचंच.

राज्याची गोष्ट वेगळी. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवशी टाइमटेबलात एका मिनिटाचाही फरक पडला नाही. हा मुद्दा मी मुद्दाम घालतो, कारण सीमाभागात आपण सगळं राज्याच्या नजरेने बघतो आणि रुळाची सरहद्द वेगळीच असते. चंदगड महाराष्ट्रात, पण चंदगडकराचं स्टेशन बेळगाव. मुंबईला गिरणीत, पुढे पुण्यात कंपनीत गेलेला चंदगडचा माणूस गणपतीला येतो तो बेळगावात उतरतो. उलट निपाणी कर्नाटकात, आणि निपाणीकर कोल्हापूर धरतो. मध्य रेल्वे संपून नैर्ऋत्य रेल्वे सुरू होते ती मिरजेत, म्हणजे चक्क महाराष्ट्राच्या आत. 2014 ला पाट्यांवर बेळगावी झालं, पण तिकिटावरचा कोड आजही बीजीएमच आहे. त्यावर वाद घालणारे अजून तरी कुणी भेटले नाहीत.

खरीखुरी सरहद्द बघायची असेल तर कॅसलरॉक. गोवा पोर्तुगीजांकडे असेपर्यंत तिथं कस्टम होतं. गाडी उभी, सामान खाली, उघडून दाखवा. घड्याळं, सेंट, कापड अशी चोरटी आयात व्हायची, आणि ती कुठे लपवायचे याच्या गोष्टी जुने गार्ड रंगवून सांगत. 1955 च्या सत्याग्रहात गोळीबार झाल्यावर भारताने नाकेबंदी केली आणि गोव्याची गाडी बंद झाली. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर हा मार्ग पुन्हा जिवंत झाला. मधल्या त्या सहा वर्षांत लोंढ्याचं महत्त्व निम्म्यावर आलं होतं. बंदर तुटलं की जंक्शनचा फाटा होतो.

आता माझा काळ.

मी पहिल्यांदा लागलो ते स्टेशन बारकंच, नाव मुद्दाम सांगत नाही. एकेरी मार्ग. रात्रपाळी, पावसाळा, खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून 'गोळा' असायचा. लाल रंगाचं कपाटाएवढं यंत्र, त्याच्या पोटात लोखंडी गोळे. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने तिकडून विजेने परवानगी दिल्याशिवाय माझ्या यंत्रातून गोळा बाहेर पडायचाच नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचा नाही. दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांशी बांधलेली. घंटेचे टोले मोजायचे, दांडा फिरवायचा, गडगडत गोळा हातात. त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली, ती मोठ्याने वाचायची. चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचा. हा गोळा हाती असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही, सिग्नल पडलेला असला तरी.

न थांबणारी गाडी असली तर खरी कसरत. पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस, प्लॅटफॉर्मच्या कडेला एका हातात कडं उंच धरून, दुसऱ्या हातात मशाल घेऊन उभा. इंजिन येतं, फायरमन बाहेर वाकलेला, एका हाताने आधीच्या सेक्शनचं, म्हणजे मागच्या दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचं, कडं फेकतो आणि दुसऱ्या हाताने नवं कोपरात अडकवून घेतो. फेकलेलं कडं अंधारात घरंगळत जायचं, ते शोधायचं, आतला गोळा यंत्रात घालायचा, तेव्हा मागचं सेक्शन मोकळं. एका रात्री ते कडं प्लॅटफॉर्मवरून उडून पाण्याने भरलेल्या चरात गेलं. पाऊण तास मी, पॉइंट्समन आणि गेटमन गुडघाभर चिखलात चाचपडत होतो. मागच्या स्टेशनात मालगाडी खोळंबलेली, गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन दर दोन मिनिटाला. शेवटी पॉइंट्समनच्या पायाला लागलं. "मास्तर, घावला!" म्हणून तो जे ओरडला, ते अजून कानात आहे. त्याने पुढे चार दिवस सगळ्यांना मास्तर कसे चरात बसले होते तेच सांगितलं.

हे एवढं खोलात का सांगितलं? कारण इदलहोंड, देसूर, गुंजी असल्या स्टेशनांचं मुख्य काम हेच होतं. एकेरी मार्गावर दर आठ-दहा किलोमीटरला गाड्यांना एकमेकींना ओलांडायला जागा लागते. एक गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची, दुसरी जाऊ द्यायची. आजूबाजूच्या गावांना गाडी मिळाली ती त्या क्रॉसिंगच्या निमित्ताने. गाडी थांबतेच आहे, तर चार माणसं चढू-उतरू देत. त्या थांब्यावर दूधवाल्या, भाजीवाल्या, कॉलेजची पोरं यांचं आयुष्य चाललं. सकाळच्या पॅसेंजरने बेळगाव, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत. महिन्याचा पास. खिडकीवर पुठ्ठ्याचं तिकीट, ते यंत्रात दाबून तारीख उठवायची, 'खट्ट' असा आवाज. त्या आवाजावरून आमच्या शेजारच्या गावची एक आंधळी आजी सांगायची, मास्तर बदललाय म्हणून.

आता मालाकडे येऊ, कारण स्टेशनचा वापर बदलला त्याची खरी मेख तिथे आहे.

तेव्हा व्यापाऱ्याला एक वाघीण, म्हणजे मालाचा एक डबा, मिळायची. रविवार पेठेतला व्यापारी यायचा, मागणी नोंदवायचा, वाघीण लागली की हमाल पोती चढवायचे, सील मारायचं, पावती घेऊन जायचा. मीटरगेजच्या एका वाघिणीत वीस टनांच्या आसपास माल. एवढा माल मध्यम व्यापाऱ्यालाही जमतो. त्याहून कमी असेल तर सुट्टं पार्सल. त्यामुळे खानापूरसारख्या स्टेशनातही धक्क्यावर रोज काही ना काही हालचाल. कौलं, लाकूड, भात, गूळ, खत, मीठ.

पण मिरज आडवी आली. पुणे-मिरज 1971 मध्ये ब्रॉडगेज झालं, मिरजेच्या खाली आपण मीटरगेजच. मग मुंबई-पुण्याकडे जाणारं प्रत्येक पोतं मिरजेत एका वाघिणीतून काढून शेजारच्या दुसऱ्या वाघिणीत. माणसांनीही तसंच, डोक्यावर बोचकं, काखेत पोर, एक गाडी सोडून दुसरी पकडा. त्यात मिरजेहून पंढरपूरला बार्शी लाइटची नॅरोगेज, म्हणजे एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ. आषाढीला बेळगावचा वारकरी निघाला की मिरजेत बारक्या गाडीत चढायचा. वारकऱ्याला ते काही वाटायचं नाही, पण गुळाला वाटायचं. एकदा जूनच्या पहिल्या पावसात एका व्यापाऱ्याच्या ढेपा त्या अदलाबदलीत उघड्यावर राहिल्या. क्लेमचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, कागद माझ्याकडून गेला म्हणून तो माझ्या टेबलापुढे येऊन बसला, बोटाने टेबलावर पाझरलेल्या गुळाची रेघ ओढून दाखवत होता, अशी वाट लागली म्हणून. पैसे मिळाले, खूप उशिरा आणि निम्मे. त्यानंतर त्याने माल ट्रकने पाठवायला सुरुवात केली. असे एकेक करून सगळे गेले. ट्रक दुकानाच्या दारात येतो आणि मिरजेत उतरावा लागत नाही, यापुढे मी त्याला काय समजावणार होतो?

नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा ब्रॉडगेज झालं. 1676 मिलिमीटर. मिरजेची अडचण संपली, मुंबईहून, दिल्लीहून थेट गाड्या आल्या. सगळ्यांना वाटलं आता मालही परत येईल. झालं उलटंच. त्याच काळात रेल्वेने सुट्टी वाघीण देणं जवळपास बंद करत आणलं होतं, पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, घ्या म्हणायचे. एक रेक म्हणजे चाळीसहून जास्त वाघिणी, अडीच हजार टनांच्या घरात माल, ठरलेल्या तासांत भरून किंवा उतरवून मोकळा, नाहीतर डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड. रेल्वेच्या हिशेबाने बरोबर आहे, इंजिन आणि मार्ग दोन्ही वाचतात. पण खानापूरचा कौलवाला अडीच हजार टन कौलं कुठून आणणार? मग रेल्वेकडे उरलं काय, तर साखर, खत, सिमेंट, धान्य, कोळसा. एकाच मालकाचा, एकाच जातीचा, डोंगराएवढा माल. घाटावरून मुरगावला पूर्वी लोहखनिज उतरायचं आणि बंदरातून कोळसा बळ्ळारीच्या पोलाद कारखान्याकडे वर चढायचा, तो आपल्या लोंढ्यावरून जातो, पण लोंढ्यात उतरत काहीच नाही.

माझं मत विचाराल तर बारक्या स्टेशनांचा जीव गेज बदलल्याने गेला असं लोक म्हणतात ते चूक आहे. सुट्टी वाघीण गेली तिथे पहिला श्वास गेला. दुसरा आता जातोय, दुहेरीकरणाने. लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचं काम सुमारे 930 कोटींचं. दोन रूळ झाले की समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींसाठी थांबावं लागत नाही. क्रॉसिंग नाही तर लूपची गरज कमी, आणि मग मास्तर, पॉइंट्समन, थांबा या सगळ्यांवर प्रश्नचिन्ह. तुमच्या गावात 'आमची गाडी का थांबत नाही' म्हणून निवेदनं देतात ना, त्याचं खरं उत्तर हे आहे. पूर्वी ती तुमच्यासाठी थांबतच नव्हती. दुहेरीकरण नको असं मी म्हणत नाही. रात्र रात्र सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाड्यांतले प्रवासी मी बघितलेत. पण थांबा हवा असेल तर तो मागताना किती पासवाले, किती विद्यार्थी, कुठल्या वेळेला, असे आकडे घेऊन जा. 'पूर्वी थांबत होती' याला रेल्वेच्या टेबलावर किंमत नाही.

एक स्टेशन मात्र या नियमाला अपवाद, चिंचली. एरवी शांत, पण माघी पौर्णिमेला मायाक्काची जत्रा आली की महाराष्ट्रातून, कर्नाटकातून माणसांचा लोंढा. भंडाऱ्याने प्लॅटफॉर्म पिवळा होतो, तिकीटखिडकीच्या गजांवरसुद्धा हळद. तिथं दोन वर्षं जत्रेच्या ड्युटीला गेलो. नोटा हळदीने माखलेल्या, मोजून मोजून बोटं पिवळी. घरी आल्यावर बायकोने दारातच विचारलं, कामाला गेला होता की लग्नाला?

आता बेळगाव. 27 फेब्रुवारी 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते नव्या इमारतीचं लोकार्पण झालं, खर्च सुमारे 190 कोटी. ही इमारत पहिल्यांदाच सर्वस्वी प्रवाशाचा विचार करून बांधलेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. सरकते जिने, लिफ्ट, वेटिंग हॉल. सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना बेळगाव-बेंगळुरू रात्रीची गाडी मिळाली आणि कित्तूरमार्गे धारवाडला नवी लाइन मंजूर झाली. ते 2020 मध्ये कोविडने गेले. 2024 च्या सप्टेंबरात पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावात थांबू लागली, 2025 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूची वंदे भारत आली. आजचा बेळगाव स्टेशनचा प्रवासी म्हणजे परीक्षेला निघालेली पोरं, दवाखान्याला आलेली माणसं, बेंगळुरूला आयटीत असलेले, पुण्याला कंपनीत असलेले. व्यापारी नाही. पूर्वी प्लॅटफॉर्मवर गोव्याहून आलेल्या माशांच्या पाट्यांचा वास, हापूसच्या पेट्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. आता बॅगेची चाकं वाजतात.

रुळाने गावाचे दोन तुकडे केले होते, तेही लिहायला सांगा. टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही पत्त्यांचीच नावं झाली. रिक्षावाल्याला तेवढंच सांगायचं. कपिलेश्वराजवळ गणपती विसर्जनाची मिरवणूक आणि गाडीची वेळ जुळवणं ही आमच्या वेळी मोठी डोकेदुखी होती. पोलिसांचा फोन, मंडळाचा फोन, कंट्रोलचा फोन. गाडी दहा मिनिटं थांबवा म्हणणारा प्रत्येक जण गणपतीचीच शपथ घालायचा. आता तिथं उड्डाणपूल आहे, जुन्या खानापूर रोडवर आहे, तिसऱ्या गेटावर झाला. गेटं गेली तरी रिक्षावाल्यासाठी ती नावं राहतीलच.

मुलांना काय दाखवायचं ते सांगतो आणि थांबतो. इमारतीपेक्षा यार्डाच्या कडेला बघा. जुने रूळ रेल्वे कधी फेकत नाही, त्यांचे कुंपणाचे खांब करते, शेडच्या तुळया करते. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. रंगाचे पापुद्रे असतात, बोटाने चाचपडलं की अक्षरं लागतात. खानापुरात, लोंढ्यात असे खांब सापडतील. ज्या मुलाला सगळ्यात जुनं साल सापडेल त्याला बक्षीस ठेवा. नावाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते, ती लोंढा, खानापूर, बेळगाव अशी तिन्हीकडची लिहून घ्या, चढ कुठे आहे कळेल. मालधक्का अजून शाबूत असेल तर त्याची उंची मोजा, ती वाघिणीच्या दाराच्या उंबऱ्याएवढी असते. आणि गावात एखादा म्हातारा गँगमन असेल तर त्याच्यासाठी तंबाखू घेऊन जा, मास्तरांपेक्षा तो जास्त सांगेल, कारण आम्ही खोलीत बसलो होतो आणि तो रुळावर चालला होता.

मास्तरांची परवानगी आधी घ्या, आणि मुलांना रूळ ओलांडू देऊ नका, पुलावरूनच न्या. वाफेचं इंजिन मैलभर आधी कळायचं. आता विजेच्या गाड्या जवळ येईपर्यंत आवाज करत नाहीत.